तो सुरय मीही पाहिला होता

गंगाधर, ही गोष्ट तू असेपर्यंत मी कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, ऑफिसात नाही, तुलाही नाही. पाच वर्षांपूर्वी वादळ सरल्यावर लिंबोटी धरणाच्या पाण्यावर तुला जो समुद्रावरचा पक्षी दिसला, त्याचा फोटो माझ्याकडे आहे. फोन पाण्यात पडला आणि फोटो गेला, असं मी तुला दोनदा सांगितलं. फोन पडला नव्हता. त्यानंतर मी दोन मोबाईल बदलले आणि दोन्ही वेळा सगळ्यांत आधी काय पाहिलं असेल, तर तो एक फोटो नव्या फोनमध्ये आला की नाही.

तू गेलास त्याला आज एकवीस दिवस झाले. नांदेडच्या आपल्या पक्षीगटाचा वार्षिक अंक निघणार आहे आणि त्यात तुझ्यावर मी लिहावं, असा गट चालवणाऱ्या मोरे सरांचा फोन होता. "तुमच्याइतकं जवळचं कोण आहे त्यांना," सर म्हणाले. "आवाजावरून पक्षी ओळखायचे, ते लिहा. स्वभावाचं लिहा. ते वादळाचं प्रकरण तेवढं नको. गेलेल्या माणसाबद्दल उगाच कशाला." मी हो म्हणालो. सरांना वाटतं, ते तुझी लाज झाकताहेत. मी त्यांना अडवलं नाही. दोन पानं त्यांनी सांगितल्यासारखी लिहिली. वाचायला बरी होती. फाडून टाकली.

आपली ओळख झाली ती माझ्या घरच्या पाण्याच्या मोटारीमुळे. मी कृषी सहायक म्हणून लोह्याला नवा होतो आणि मोटार जळली होती. बसस्टँडमागं तुझं रिवाइंडिंगचं दुकान. तांब्याची तार, वार्निशचा वास, भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी पाखरांची कापून चिकटवलेली चित्रं. मी मोटारीचं सांगायला लागलो तर तू हात वर केलास.

"साहेब, जरा गप ऱ्हा."

मला राग आला होता. नवा असलो तरी सरकारी माणूस होतो. बाहेरच्या लिंबावर शिक्रा ओरडत होता, एवढं मलाही कळत होतं आणि ते तुला सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तर तूच म्हणालास, "शिक्रा वाटतो ना? कोतवाल हाय तो. शिक्र्याची नक्कल करून ऱ्हायला. बाकीची पाखरं पळाली की किडे याला एकट्याला."

बाहेर जाऊन पाहिलं. कोतवालच होता. शेपटीची दुफळी हलवत माझ्याकडे बघत होता. त्या दिवशी मोटार झाली संध्याकाळी आणि मी दुपारपासून तिथंच बसलो.

नंतरची सात वर्षं रविवार कुठं गेले हे माझ्या बायकोला विचारावं. तुझी जुनी मोटारसायकल, माझी दुर्बीण. तुझं शिक्षण जळकोटकडच्या गावात नववीपर्यंत. वाटण्या झाल्यावर तू लोह्याला येऊन धंद्याला लागलेला. पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक तू नांदेडच्या रद्दीतून आणलंस आणि ते तुझी मनीषा, तेव्हा सहावीत होती, तुला शब्द शब्द लावून वाचून दाखवायची. तू ऐकून स्वतःच्या भाषेत वहीत उतरवायचास. तुतवार या पाणपक्ष्याच्या पुढं लिहिलं होतं, 'बूड खालीवर करतो, उभ्याउभ्या पाळण्यात असल्यासारखा.' कुठल्याच पुस्तकात मी याहून चांगलं वाचलं नाही, हे तुला कधी सांगितलं नाही.

मी तुला अरे-तुरे करायचो आणि तू मला साहेब म्हणायचास. वयात सहा महिन्यांचं अंतर, त्यातही मोठा तू. एकदा म्हणालो, "नावानं बोलव की मला." तू म्हणालास, "ऱ्हाऊ द्या. तुमच्यासंगं फिरताना साहेब म्हनलं की रानवाला कुत्रं आवरतो." तू हसलास, मी हसलो. पण कोण कुणाच्या आडोशानं फिरतंय याचा तुला पक्का अंदाज होता, आणि मला तो आवडायचा, हेही लिहायलाच हवं.

गटात तुला मीच नेलं. प्राध्यापक, डॉक्टर, दोन बँकवाले, मोठ्या लेन्सवाली पोरं. तुझ्याकडे कॅमेरा नाही. फोन तर बटणाचा. महिन्याच्या बैठकीत सगळे पडद्यावर फोटो दाखवायचे आणि तू उभं राहून वहीतलं वाचायचास. ऐकून घ्यायचे सगळे. पण नेहमीचा पक्षी असला तरच. जरा वेगळं नाव आलं की कुणीतरी म्हणायचं, "फोटो आहे का?" मग मोरे सर म्हणायचे, "बरोबर दुसरं कुणी होतं का? दोघांनी पाहिलेलं असलं तर धरू." आपला नियमच तो. फोटो नसेल तर दुसऱ्या माणसाची सही.

यावर आपण किती भांडलो. तू म्हणायचास, "डोळ्यानं बघितलं ते बघितलं. मोटार जळली की मला वासानंच कळतंय, तिथं फोटो मागतंय का कोनी?" मी म्हणायचो, नोंद म्हणजे आठवण नव्हे, पुरावा लागतोच, नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि लोह्यात पेंग्विन पाहिला म्हणेल. "म्हनू द्या की. त्याचं त्याला ठावं." हे भांडण आपलं संपलं नाही. मी बरोबर होतो असं मला अजूनही वाटतं. म्हणून तर पुढचं लिहिताना हात जड होतो. नियमाला धरून चाललो असतो, तरी तुझी लाज वाचली असती.

पाच वर्षांपूर्वी आंध्राच्या किनाऱ्यावर वादळ चढलं. तू चार दिवस आधीपासून रेडिओच्या बातम्यांना कान लावून बसला होतास. तुझं म्हणणं सरळ होतं. तिकडं वादळ आलं की पाऊस तेलंगणातून धर्माबादकडून आपल्यात शिरतो. ढग ज्या वाटेनं येतात, त्याच वाटेनं समुद्रावरची पाखरं फेकली जातात. त्यांना खाली पाणी दिसेपर्यंत उतरता येत नाही. आणि धर्माबादपासून आपल्याकडे यायचं म्हटलं की मोठं पाणी कुठलं? लिंबोटीचं. पुस्तकात हे होतं, मनीषानं तुला वाचून दाखवलं होतं. "पाऊस उघडला की पयला दिवस. फक्त पयला. दुसऱ्या दिवशी एक तर उडून जातंय, न्हाई तर मरतंय."

पाऊस तीन दिवस कोसळला. सोयाबीन काढणीला आलेलं. शेंगांना उभ्या झाडावर कोंब फुटले. चौथ्या दिवशी उघडलं आणि सकाळीच पंचनाम्याचे आदेश आले. माझ्याकडे नाल्याकाठचं एक गाव होतं, लिंबोटीच्या पाण्यापासून चौदा किलोमीटरवर. तलाठी मॅडम, ग्रामसेवक आणि मी, तिघांनी वाटून घेतलं होतं. नाल्याच्या पलीकडचं शिवार माझं. शेतात उभं राहायचं, पंचनाम्याच्या ॲपवरून फोटो काढायचा. फोटोखाली आपोआप पट्टी उमटते, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. म्हणजे माणूस जागेवर गेला होता हे कागदावर राहतं.

पाच-सहा शेतं झाली होती. साडेदहाला तुझा फोन आला. पाठीमागं वारा घोंघावत होता आणि तू कुजबुजत होतास, जणू मोठ्यानं बोललास तर ते तिथून ऐकेल.

"साहेब, आलंय."

"काय आलंय?"

"तुमी या. मी नाव घेत न्हाई. पण नदीवरचं न्हाई हे. बाभळीच्या खुंटावर बसलंय. हलून न्हाई ऱ्हायलं. लवकर या, मरायच्या आदी या."

मी गेलो. शिवाराच्या मधल्या वाटेनं मोटारसायकल घातली आणि कुणाला न सांगता गेलो. चिखलात दोनदा पडलो. एका तासात परत येऊ, कुणाला कळणार आहे, असं मनाशी म्हणत गेलो.

तू धरणाच्या भिंतीखाली, पाण्याच्या अंगाला, गुडघाभर चिखलात बसला होतास. नुसतं बोट केलंस. पाण्यात बुडालेल्या बाभळीचा शेंडा वर आला होता, आपल्यापासून साठ-सत्तर पावलांवर, आणि त्यावर तो बसला होता. पाठ काळी, तू नंतर बैठकीत म्हणालास तशी, ताजं वार्निश मारल्यासारखी. पोट पांढरं. कपाळावर पांढरा ठसा. पंख बंद करून बसला तरी पंखांची टोकं शेपटीच्या पुढं गेलेली. वाऱ्याच्या प्रत्येक झोतासरशी तो पुढं कलायचा आणि परत सरळ व्हायचा. समुद्रावरचा सुरय. पुस्तकात ज्याला सूटी टर्न म्हणतात, जो वर्षानुवर्षं जमिनीवर पाय ठेवत नाही असं मनीषानं तुला वाचून दाखवलं होतं, तो लोहा तालुक्यात बाभळीच्या खुंटावर बसला होता.

तू माझ्या कानाशी म्हणालास, "कपाळाचं पांढरं बघा. डोळ्याच्या मागं जातंय का? गेलं तर दुसरीच जात."

"नाही. डोळ्यापाशीच थांबतंय."

"बास." आणि तू डोळे मिटलेस. एवढंच. मी तुला कधी तसं पाहिलं नव्हतं.

मी दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल लावला आणि फोटो काढला. वाऱ्यानं भिंग हलत होतं, एकच नीट आला. ॲप उघडंच होतं, सकाळपासून तेच वापरत होतो. फोटोखाली पट्टी उमटली. लिंबोटी, तारीख, अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

ती पट्टी पाहिली आणि तेवढ्यात फोन वाजला. तलाठी मॅडम. "साहेब, कुठे आहात? तहसीलचं पथक आलंय, तुम्हाला शोधताहेत."

"शिवारातच आहे," मी म्हणालो. "नाल्यापलीकडं. येतोच."

तू माझ्याकडे बघत होतास. मी मोटारसायकलीकडे पळत सुटलो आणि पळता पळता वळून म्हणालो, "गंगाधर, मी इथं आलो होतो हे कुणाला बोलू नकोस. नोकरीवर येईल."

"न्हाई बोलत."

"शपथ?"

"शपथ कामून? न्हाई बोलत म्हनलं ना."

पथक भेटलं. कुणाला काही कळलं नाही. उरलेली शेतं मी संध्याकाळी ग्रामपंचायतीत बसून लिहिली, लोकांनी सांगितलं तसं; फोटोंपुढं 'रेंज नव्हती' असं टाकलं. पंचनाम्यात अकरा ते दीड मी नाल्यापलीकडच्या शिवारात होतो, असं माझ्या सहीनिशी आहे.

त्या महिन्याच्या बैठकीचा दिवस तुझ्या ध्यानात राहिला असणारच, पण माझ्या बाजूनं तो तू कधी ऐकला नाहीस. कॉलेजची वरची खोली. तू इस्त्रीचा शर्ट घातला होतास. वहीतलं पान वेगळं लिहून आणलं होतंस, मनीषाकडून, चांगल्या अक्षरात. तू वाचलंस. शेवटी नाव वाचलंस. कोपऱ्यातला एक लेन्सवाला म्हणाला, "गंगाधरमामा, उद्या विष्णुपुरीच्या धरणात देवमासा बघून या."

लोक हसले. तूही हसलास. मोरे सर हसले नाहीत. सर नीट विचारत होते, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. "कपाळाचं पांढरं डोळ्याच्या मागं जात होतं?"

"न्हाई सर. डोळ्यापाशी संपत व्हतं."

"शेपटी?"

"खोल दुफळी. कडंला पांढरी."

"अंतर?"

"सत्तर पावलं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "गंगाधर, वर्णन बरोबर आहे. इतकं बरोबर, की पुस्तकातलंच आहे, असं कुणीही म्हणेल. तुमच्याबरोबर कुणी होतं का?"

मी तुझ्या शेजारी बसलो होतो. माझा फोन शर्टाच्या खिशात होता. तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. इतकं न पाहणं मी कधी पाहिलं नाही.

"न्हाई सर. एकटाच व्हतो."

इथवर मी फक्त गप्प होतो. इथंच थांबलो असतो तर आज काही वेगळं लिहीत असतो. पण सर माझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्याबरोबर इतकं फिरता. तुम्हाला काय वाटतं?"

मी काहीही म्हणू शकलो असतो. सांगता येत नाही, असं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण मला एकदम भीती वाटली की मी गप्प राहिलो तर सर ओळखतील, पुढचा प्रश्न विचारतील आणि माझ्या तोंडून निघून जाईल. म्हणून मी घाईनं आणि अगदी शांत आवाजात म्हणालो, "वादळानंतरच्या उजेडात फसगत होते, सर. भिजलेला नदी-सुरयही काळाच दिसतो."

सरांनी मान हलवली. नोंद धरली नाही. तू पानाची चौघडी घातलीस आणि खिशात ठेवलीस.

परतताना मी तुझ्याच मागं बसलो होतो. दुसरं वाहन नव्हतं. सोनखेडच्या फाट्यावर तू गाडी थांबवलीस, दोन चहा सांगितलेस. कप हातात धरून रस्त्याकडे बघत म्हणालास,

"साहेब, तुमी गप बसला असता तरी चाललं असतं."

मी बशीत चहा ओतला.

"गप बसायचं आपलं ठरलंच व्हतं. त्याचं मला काही न्हाई. नोकरी हाय, लेकरं हायेत. पर गवाही कामून दिली उलटी?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

तू कप ठेवलास, पैसे दिलेस आणि गाडीला किक मारलीस. बसा, म्हणालास. आजही तो रस्ता मला लांब वाटतो.

त्यानंतर वर्षभर कुणीही भेटलं की गंगाधरचा समुद्र कुठवर आला, असं विचारायचं. चेष्टेनंच. तू गटात येणं कमी केलंस, मग बंद. दुकानाच्या भिंतीवरची चित्रं तशीच होती. माझ्याशी वागणं बदललं नाहीस, मोटार जळली की दुरुस्त करून द्यायचास, वहिनींच्या हातचं थालीपीठ डब्यात द्यायचास. रविवारी मात्र तू एकटा जायला लागलास.

दोनदा तू फोटो मागितलास. पहिल्यांदा म्हणालास, "कुनाला दावत न्हाई. मनीषाला एकदा दावतो नुस्ता. पोरगीबी आता विचारून ऱ्हायली, बाबा, खरंच का." मी म्हणालो, फोन पाण्यात पडला. तू म्हणालास, "अस्सं." दुसऱ्यांदा दोन वर्षांनी, तेच विचारलंस, मी तेच सांगितलं.

मी फोटोखालची पट्टी कापून देऊ शकलो असतो. हा विचार शंभरदा केला. पण तुझ्याकडे बटणाचा फोन, हे सगळ्या गटाला माहीत. कुणी काढला, असं सर विचारणारच. निलंबन झालं असतं का? कदाचित समज देऊन सोडलं असतं. नक्की काय झालं असतं हे मी कधी कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं आणि फार काही होणार नाही असं कळलं असतं, तर मग गप्प राहायला कारण उरलं नसतं.

आणि एकदा, गेल्या वर्षी, दुकानात तू वार्निशचा ब्रश पुसत होतास आणि वर न बघता म्हणालास, "साहेब, खरं सांगा. मी खरंच बघितला का हो तो? का नदीवरचाच व्हता? आता मलाच कळंना झालंय."

ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून कोतवाल आणि शिक्रा वेगळा कळायचा, तो मला विचारत होता की स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू का. मी म्हणालो, "राहू दे आता. जुनं झालं."

तू म्हणालास, "हाव. जुनं झालं."

यंदाचं वादळ त्याच वाटेनं आलं. पाऊस रविवारी पहाटे उघडला. सात वाजता तुझा फोन आला. पाखरं बघायला बोलावणारा, पाच वर्षांत पहिलाच.

"साहेब, येता का? पयला दिवस हाय."

"अरे, पंचनाम्याला निघालोय."

"आइतवारी?"

"आदेश आहेत."

"बरं हाय. मग मी बघून येतो."

कसले आदेश. आदेश दुसऱ्या दिवशी निघाले. मी घरी होतो, ओट्यावर चहा घेत होतो. मला तुझ्याबरोबर त्या भिंतीखाली जाऊन बसायचं नव्हतं. तिथं पुन्हा काही दिसलं तर मी काय करणार होतो? आणि नाहीच दिसलं, तर तुझ्याकडे कुठल्या तोंडानं बघणार होतो?

नऊ चाळीसला तुझा फोन वाजला. मी पडद्यावर तुझं नाव बघत राहिलो. वाटलं, दिसलं वाटतं याला, आता बोलावणार. बंद झाला. एक मिनिटानं पुन्हा वाजला. बायको आतून म्हणाली, "उचला की, कुणाचाय?" मी म्हणालो, "कंपनीचा." तोही बंद झाला.

दहा वाजून गेल्यावर तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा मी उचलला. आवाज तुझा नव्हता. "हे फोनवाले कोन हायेत तुमचे? हितं भिंतीपाशी बसल्याले हायेत. बोलून न्हाई ऱ्हायले." जाळं टाकायला आलेला माणूस होता. त्यानं शेवटचा लागलेला नंबर लावला होता.

मी पोहोचलो तेव्हा तुला जीपमध्ये घातलं होतं. दुर्बीण गळ्यात होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला आणायला. किती वेळ, हे मी विचारलं. ते म्हणाले, अर्ध्या तासात आले असते तर सांगता आलं असतं. बाभळीच्या खुंटाकडे मी नंतर दोनदा जाऊन पाहिलं. काही नव्हतं. तू मला काही दिसलं म्हणून फोन केलास की छातीत कळ आली म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही. दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी मी उचलायला हवा होता.

दहाव्याला मी तुझ्या घरी होतो. सगळं आवरल्यावर वहिनी माझ्यासमोर येऊन बसल्या. पाणी दिलं. म्हणाल्या, "भाऊजी, एक इचारू? तुमच्याकडला त्यो फोटो मनीषाला दावाल का एकदा?"

मी भांडं खाली ठेवलं. "कुठला फोटो, वहिनी?"

"पाखराचा. समद्रावरचं. त्यायला ठावं व्हतं तुमच्याकडं हाय म्हून. मला पयल्याच वर्सी म्हनले व्हते. साहेबाचा फोन पान्यात पडला न्हाई, दुसऱ्याच दिवशी त्योच फोन साहेबाच्या हातात बघितला मी. पर साहेबाची नोकरी हाय, आपून बोलायचं न्हाई." आणि मग अगदी सहज, भांडं उचलता उचलता, "मी म्हनायचे, मला ठावं हाय म्हना की मंग सरळ. तर म्हनायचे, त्यायनी सोताहून दिला पायजे."

मनीषा दाराशी उभी होती. नांदेडला शिकते आता, उंच झाली आहे.

गंगाधर, गेल्या वर्षी दुकानात तू जे विचारलंस, ते खरंच विचारलं होतंस का? की मला एक दार उघडून दिलं होतंस, म्हणजे मी आपसूक म्हणावं, नाही रे, तोच होता, हा बघ? मी रोज याचा विचार करतो आणि रोज वेगळं उत्तर येतं. तू माझ्यावर पाच वर्षं थांबलास, हे मात्र दोन्ही उत्तरांत तेच राहतं. कुणी माझ्यासाठी इतकं थांबलेलं नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे, तर तुझ्यासमोर मानायला हवे होते.

त्या दिवशी मी मनीषाला फोटो दाखवला. तिनं फोन हातात घेतला. मग तिनं बोटानं मोठा करून कपाळ पाहिलं, तुझ्यासारखंच. "डोळ्यापाशी संपतंय," म्हणाली. नंतर खालची पट्टी वाचली, वेळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी सांगणार नाही.

मोरे सरांना हा लेख आणि फोटो एकत्र पाठवतोय, पट्टी न कापता. सोबत दुसऱ्या पाहणाऱ्याची सही म्हणून माझी सही. लेख छापायचा नसेल तर नका छापू, पण यादीत पक्ष्याचं नाव घ्या, असं वेगळ्या चिठ्ठीत लिहिलं आहे, आणि पाहणाऱ्यांत पहिलं नाव तुझं. ऑफिसात साहेबांना अर्जही लिहिला आहे. त्या दिवशी अकरा ते दीड मी शिवारात नव्हतो आणि उरलेल्या शेतांत मी पाय ठेवला नाही, एवढंच त्यात आहे. तो सोमवारी देणार. काय व्हायचं ते होईल. हे सगळं कागदावरचं आहे, गंगाधर, आणि कागद मला जमतात.

एक मात्र कागदावर भागणार नाही. वहिनी आणि मनीषा असं समजतात की त्या रविवारी तू फोन केलास तेव्हा मी पंचनाम्यात होतो आणि तिथं रेंज नव्हती. मीच तसं सांगितलं, दवाखान्याच्या दारात. अंक निघायच्या आधी मला तुझ्या घरी जाऊन त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे की मी घरीच होतो, फोन माझ्या हातात होता, तो दोनदा वाजला आणि मी उचलला नाही. हे मी अजून सांगितलेलं नाही.